शपथ सकाळी, परीक्षा संध्याकाळी!

आज २६ जून. १९८७ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने ठराव करून हा दिवस मादक पदार्थांचा गैरवापर आणि त्यांचा चोरटा व्यापार यांच्या विरोधाचा दिवस म्हणून मुक्रर केला, आणि तेव्हापासून तो आपल्याकडेही मोठ्या नेमाने साजरा होत आला आहे. साजरा होतो म्हणजे काय होते, हे वाचकांस सांगावयास नको. शाळाशाळांतून मुलांना रांगेत उभे करण्यात येते. उजवा हात पुढे करून त्यांच्याकडून शपथ वदवून घेण्यात येते. मग एखादी फेरी निघते, फेरीच्या अग्रभागी कोणी अधिकारी चार पावले चालतात, छायाचित्र निघते आणि मोटार त्यांना घेऊन जाते. या स्तंभाच्या लेखकाने उमेदीची काही वर्षे मास्तरकीत घालविली आहेत. शपथ चालू असताना मागच्या रांगेतील मुले काय करीत असतात, हे त्याला पुरेपूर ठाऊक आहे. तरीही शपथेची आम्ही थट्टा करीत नाही. लहानपणी कानांवर पडलेले एखादे वाक्य पुढे केव्हा कोणाच्या उपयोगी पडेल, हे कोणी सांगावे? आमची तक्रार निराळी आहे. हा सारा दिवस ज्याने अजून प्यालाच हाती घेतलेला नाही त्याच्यासाठी आहे. ज्याने तो घेतला, ज्याचे त्यात होते नव्हते ते बुडाले आणि जो आता जिवाच्या कराराने त्यातून बाहेर पडू पाहत आहे, त्याच्यासाठी या दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेत एक ओळही नसते.

अशी माणसे थोडीथोडकी नाहीत. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करविलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. देशातील १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकांपैकी शेकडा १४.६, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात, आणि त्यांपैकी सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांचे पिणे अशा थराला गेले आहे की त्यांना मदतीची गरज आहे, असे तो अहवाल सांगतो. परंतु या आकड्यांहूनही आम्हांस अस्वस्थ करणारा आकडा त्याच अहवालात आहे. मद्याच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे अवघ्या एकाला कसला ना कसला उपचार मिळतो. मग उरलेले ३७ कोठे असतात? ते गुत्त्याच्या दारात पडलेले असतात, अशी आपली सोयीची समजूत आहे. वस्तुतः त्यांतील पुष्कळसे आपल्याच सोसायटीत राहतात, आपल्याच कचेरीत सही करतात, आणि त्यांच्या घरची माणसे 'जरा प्रकृती बरी नसते हल्ली' असे सांगत शेजाऱ्यांची नजर चुकवीत असतात.

आज आम्हांस लिहावयाचे आहे ते मात्र त्या अडतिसाव्या माणसाविषयी. ज्याला उपचार मिळाला, ज्याने दारू सोडली आणि जो घरी परत आला त्याच्याविषयी. कारण खरी कसोटी येथे सुरू होते. दारू सोडणे ही कठीण गोष्ट आहे खरी. पण सुटलेली दारू सुटलेलीच राहणे ही तिच्याहून कितीतरी कठीण गोष्ट आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवडा-दहा दिवसांत शरीरातले विष उतरते. मनातले उतरत नाही. आणि मग काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी, कधी वर्ष-दोन वर्षांनी 'येरे माझ्या मागल्या' होते. घरचे लोक कपाळाला हात लावतात, नातेवाईक 'आम्ही म्हटलेच होते' म्हणतात, आणि ज्याचा तोल गेला तो माणूस स्वतःच्या नजरेतून कायमचा उतरतो.

आमचा एक विद्यार्थी यातून गेला आहे. वर्गात तो मागच्या बाकावर बसे, निबंध बरा लिही आणि गणितात हटकून नापास होई. पुढे विमा कचेरीत लागला, संसार थाटला, आणि अकरा वर्षे प्याला. दोनदा उपचार घेऊन दोनदा घसरला. तिसऱ्या खेपेनंतर वर्षभराने तो एके दिवशी आमच्या कचेरीत येऊन बसला. आम्ही विचारले, "आता कसे चालले आहे तुझे?" तो म्हणाला, "सर, सकाळ निघते. दुपार कामात जाते. संध्याकाळी सहा ते साडेआठ मात्र काही केल्या निघत नाही." अकरा वर्षे त्या अडीच तासांना एक ठरलेली जागा होती, ठरलेली माणसे होती, ठरलेली खुर्ची होती. दारू गेली तशी ती जागा गेली, ती माणसे गेली, आणि घड्याळातले ते अडीच तास तेवढे मागे राहिले. व्यसनमुक्तीवरील व्याख्याने आम्ही पुष्कळ ऐकली आहेत. परंतु प्रश्नाचे मर्म इतक्या मोजक्या शब्दांत कोणी सांगितलेले आम्हांस आठवत नाही.

त्याला सावरले ते एका शेजाऱ्याने. हे गृहस्थ टपाल खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर पायी टपाल वाटले, तेव्हा पायांची सवय मोडू नये म्हणून ते रोज पहाटे मैदानावर धावावयास जात. एके दिवशी त्यांनी याच्या दाराची कडी वाजविली आणि "चल" एवढेच म्हणाले. पहिल्या दिवशी हा विजेच्या दोन खांबांमधले अंतरसुद्धा धड पळू शकला नाही. छाती भात्यासारखी हलू लागली, गटाराच्या कठड्यावर बसून तो ओकला. काकांनी त्याला एक युक्ती सांगितली: एक खांब पळायचे, दोन खांब चालायचे. महिन्याने एक खांब पळायचे, एक खांब चालायचे. चार महिन्यांनी खांब मोजणे त्याने सोडून दिले. या साऱ्या काळात दारू हा शब्द काकांच्या तोंडून एकदाही निघाला नाही, असे तो सांगतो. "म्हणून तर मी त्यांच्याबरोबर जात राहिलो, सर. बाकी सगळे माझ्याशी फक्त तेवढ्याच विषयावर बोलत होते."

मराठीत 'पळणे' या एकाच शब्दात धावणेही येते आणि पळ काढणेही येते. व्यसनी माणूस आयुष्यापासून पळत असतो, असे आपण म्हणतो. तोच माणूस पहाटे मैदानावर पळू लागतो तेव्हा क्रियापद तेच राहते आणि अर्थ मात्र पार उलटा होतो. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. धावण्याने व्यसन सुटते का, या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञांनी गेल्या काही दशकांत शोधू पाहिले आहे, आणि ते जाणून घेण्यासारखे आहे. कारण या विषयात अतिशयोक्ती करणारांचा सुळसुळाट फार.

लांबवर धावल्यानंतर मनाला एक प्रकारचा हलकेपणा, कधी कधी आनंदाची किंचित धुंदी येते, हे धावणारांस अनुभवाने ठाऊक असते. पूर्वी याचे श्रेय एंडॉर्फिन नावाच्या, शरीरातच तयार होणाऱ्या अफूसारख्या द्रव्याला देत. पण रक्तातले हे एंडॉर्फिन रक्त आणि मेंदू यांच्या मधली भिंत सहजासहजी ओलांडीत नाही, अशी शंका पुढे निघाली. २००३ साली अमेरिकेतील संशोधकांनी धावणाऱ्या व सायकल चालविणाऱ्या तरुणांचे रक्त तपासले, तेव्हा आनंदामाइड नावाचे दुसरेच द्रव्य वाढलेले आढळले. संस्कृतातील 'आनंद' या शब्दावरूनच ते नाव ठेवलेले आहे, आणि गांजातील मादक अंश मेंदूतील ज्या कुलपांना लागतो त्याच कुलपांना ही शरीराची घरची किल्लीही लागते. निसर्गाने ही किल्ली प्रत्येकाच्या खिशात ठेवली आहे. माणूस मात्र बनावट किल्लीसाठी घरदार विकतो!

याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. दीर्घकाळच्या व्यसनाने मेंदूतील सुखाची वर्दी पोहोचविणारी यंत्रणा बोथट होते. डोपामिन हे त्या वर्दीचे रसायन. ते टिपून घेणारी केंद्रेच कमी होऊन जातात. त्यामुळे दारू वा गर्द सोडलेल्या माणसाला सुरुवातीचे कित्येक महिने कशातच गोडी वाटत नाही. मुलाचे हसणे, गरम जेवण, एखादे गाणे सारे फिके लागते. घरचे म्हणतात, 'दारू सोडली पण माणूस काही आनंदी दिसत नाही.' तो आनंदी दिसणार कसा? आनंद टिपणारे यंत्रच दुरुस्तीला गेलेले असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी मेथॅम्फेटामिन या घातक उत्तेजकाच्या आहारी गेलेल्या १९ जणांवर आठ आठवड्यांचा एक प्रयोग करून २०१६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. काहींना नियमित व्यायाम दिला, इतरांना आरोग्याची माहिती तेवढी दिली. व्यायाम करणारांच्या मेंदूतील ही डोपामिन टिपणारी केंद्रे लक्षणीय प्रमाणात पूर्ववत होऊ लागल्याचे दिसले. दुरुस्तीचे काम लवकर होऊ शकते, एवढी आशा या प्रयोगाने दिली. मात्र १९ माणसांवरून जगाचा न्याय करता येत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

म्हणून याच्या शेजारी दुसरा प्रयोग ठेवावयास हवा. अमेरिकेतच कोकेनसारख्या उत्तेजकांच्या व्यसनासाठी निवासी उपचार घेणाऱ्या ३०२ जणांना दोन गटांत वाटून, एकाला व्यायाम आणि दुसऱ्याला आरोग्यशिक्षण देण्यात आले. २०१७ साली निष्कर्ष छापून आले. सर्वांची गोळाबेरीज केली तेव्हा दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. परंतु सांगितलेला व्यायाम किती जणांनी प्रत्यक्षात किती केला, याचा हिशेब धरून पुन्हा पाहिले, तेव्हा व्यायामाच्या बाजूने थोडासा लाभ दिसला. उत्साही प्रचारकांना हा निष्कर्ष अडचणीचा वाटेल. आम्हांस तो फार शिकविणारा वाटतो. व्यायाम कागदावर लिहून दिल्याने काही होत नाही. तो माणूस उद्या सकाळी उठून गेला काय, परवा गेला काय, आणि पाऊस पडत असताना गेला काय, यावर सारे अवलंबून आहे. आणि माणूस नेमाने केव्हा जातो? कोणीतरी दाराची कडी वाजविते तेव्हा!

हे आपल्याला परदेशाने शिकवावे असे नाही. आषाढाच्या तोंडावर आळंदी-देहूहून पालख्या निघतात. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट वारकरी पायी चालतात. त्यांतील दिंड्यांमधून जरा विचारपूस केली तर गळ्यात तुळशीची माळ पडली आणि दारू सुटली, असे सांगणारा कोणी ना कोणी भेटतोच. भाविक त्याचे श्रेय पांडुरंगाला देतील, आणि त्यांच्याशी वाद घालण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. परंतु नास्तिकानेही जरा निरखून पाहावे. माळकऱ्याला मद्य वर्ज्य, म्हणजे स्पष्ट मर्यादा आली. रोज ठरलेली मजल, म्हणजे देहाला नेम आला. दिंडीत ज्याचा त्याचा क्रमांक आणि जागा ठरलेली. म्हणजे हा आज दिसत नाही, हे विचारणारे कोणीतरी आले. आणि 'माउली' म्हणून परस्परांच्या पाया पडण्याचा प्रघात. म्हणजे कालपर्यंत गावाने ओवाळून टाकलेल्या माणसाच्याही पायांवर दुसऱ्याचे हात आले. व्यसनमुक्तीचे आजचे शास्त्र ज्या गोष्टी मागते त्या बहुतेक येथे आहेत. फक्त त्यांना ती नावे नाहीत. जुन्या पेठांतल्या तालमींचेही काम काही अंशी हेच होते. उस्तादाच्या डोळ्यांसमोर रोज लाल मातीत उतरणाऱ्या पोराला रात्री पिऊन येण्याची सोय नव्हती. सकाळी जोर मारताना त्याचे बिंग फुटत असे.

पुण्याला या विषयात आणखी एक मान आहे. १९८०नंतरच्या वर्षांत 'ब्राउन शुगर' अथवा गर्द हे विष मुंबई-पुण्याच्या तरुणांत पसरले. डॉ. अनिल अवचट यांनी त्याविषयी तळमळीने लिहिले, ते लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली त्याच आवारात 'मुक्तांगण' उभे केले. आज डॉ. अनिता नाहीत, २०२२च्या जानेवारीत अनिल अवचटही गेले. पण काम चालू आहे. व्यसनी माणूस हा गुन्हेगार नव्हे, रुग्ण आहे. आणि रुग्ण असूनही तो मित्र आहे, ही भूमिका त्यांनी या शहराच्या गळी उतरविली. तेथून बाहेर पडलेला एक माणूस पुढे धावू लागला आणि २०१९ साली मुंबईच्या गेटवेपासून दिल्लीच्या इंडिया गेटपर्यंत धावत गेला. त्याचे नाव आणि पूर्वायुष्य वृत्तपत्रांतून येऊन गेले आहे; येथे ते पुन्हा उगाळण्याची गरज नाही. आम्हांस त्या पराक्रमाचे कौतुक आहे. परंतु पराक्रमाच्या बातमीचा एक तोटाही असतो. ती वाचून घरात बसलेल्या आमच्या विद्यार्थ्यासारख्याला वाटते, 'हे आपले काम नव्हे.' त्याला दिल्ली गाठावयाची नसते. त्याला साडेआठ वाजवायचे असतात.

सामान्य माणसासाठी हे कसे करता येते, याची दोन-तीन उदाहरणे अमेरिकेत आहेत. लॉस एंजेलिस शहरात स्किड रो नावाची वस्ती आहे. निराधार आणि व्यसनग्रस्त माणसे पदपथावर तंबू ठोकून राहतात अशी. क्रेग मिचेल नावाच्या तेथील न्यायाधीशाने ज्या एका माणसाला तुरुंगात धाडले होते, तोच सुटून आल्यावर त्यांना भेटावयास आला आणि आपण राहतो तो आश्रम पाहण्याचे त्याने त्यांना निमंत्रण दिले. न्यायाधीश गेले आणि २०१२ साली त्यांनी तेथे धावण्याचा एक संघ काढला. भल्या पहाटे न्यायाधीश आणि कालचे आरोपी एकाच रस्त्यावर घाम गाळीत, आणि मग एक न्यायासनावर जाऊन बसे व दुसरा कामाच्या शोधात निघे. २०१७ साली या संघावर 'स्किड रो मॅरेथॉन' हा माहितीपटही निघाला. हे मिचेल न्यायाधीश होण्यापूर्वी शाळामास्तर होते, हे वाचून आम्हांस व्यक्तिशः संतोष झाला, तो दडविण्याचे कारण नाही. फिलाडेल्फियात २००७ साली अ‍ॅन माहलम या तरुणीने असाच उपक्रम बेघरांसाठी सुरू केला. रोज पहाटे ती एका आसऱ्यावरून धावत जाई. दारात उभे असलेले पुरुष तिला हाक देत, ती त्यांना देई. एके दिवशी तिच्या मनात आले की, आपण यांना मागे टाकून रोज पुढे का जातो? तिच्या वडिलांना जुगाराचे व्यसन होते, हे येथे सांगितले पाहिजे. आणि कोलोरॅडो राज्यात २००६ साली निघालेल्या 'फीनिक्स' या संस्थेत धावणे, गिर्यारोहण, व्यायामशाळा सारे फुकट आहे. प्रवेशशुल्क एकच, मागील ४८ तास नशा केलेली नसावी. वर्षाचे वचन नाही, जन्माची शपथ नाही. ४८ तास! घसरलेला माणूसही तिसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभा राहू शकतो. आमच्या मते या अटीत जितके शहाणपण आहे तितके आजच्या सगळ्या शपथांत मिळून नसेल.

आता इशारे. हे वाचून कोणी उद्या सकाळी दारू तोडून बूट चढविणार असेल तर त्याने आधी डॉक्टरांकडे जावे. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर दोन-चार दिवसांत आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी प्राणही जाऊ शकतो. तो काळ अंथरुणावर आणि वैद्यकीय देखरेखीत काढण्याचा असतो, मैदानावर नव्हे. दारूने हृदयाचे स्नायू दुबळे होतात, पायांच्या नसा बधिर होतात. तेव्हा तपासणीनंतर आधी चालणे, मग खांबांची युक्ती. दुसरे असे की, धावणे हा उपचाराचा सोबती आहे, उपचाराचा पर्याय नव्हे. औषध, समुपदेशन, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमससारख्या मंडळींच्या सभा यांतले काहीही त्याने रद्द होत नाही. आणि तिसरे जरा नाजूक आहे. ज्याचा पिंडच अतिरेकी, तो धावण्याचाही अतिरेक करतो. विल्यम ग्लासर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९७६ साली धावणे व ध्यान यांना चांगली व्यसने म्हणून गौरविणारे पुस्तक लिहिले. अवघ्या तीन वर्षांनी विल्यम मॉर्गन या दुसऱ्या अभ्यासकाने, गुडघे मोडले, नोकरी बुडाली, घर विस्कटले तरी पळत सुटणारे लोक दाखवून देऊन त्या गौरवाला टाचणी लावली. दुखावलेल्या पायाने धावू नको असे सांगितल्यावर ज्याला राग येतो, त्याच्याकडे घरच्यांनी लक्ष ठेवावे.

परंतु या साऱ्यापेक्षा मोठा अडथळा आमच्या वाचकवर्गात, म्हणजे आपल्यातच आहे. या शहरात हल्ली धावणारांची उणीव नाही. पुण्याची मॅरेथॉन १९८३पासूनची, मुंबईची २००४पासूनची; आणि आता तर रविवारी सकाळी रस्त्यावर रंगीत बनियनांचा पूर लोटलेला असतो. या चळवळीचे आम्ही स्वागतच केले आहे. तथापि तिच्याकडे पाहून एक गोष्ट मनात येते. धावणे हा सर्वांत स्वस्त व्यायाम. त्याला ना चेंडू लागतो ना जाळे. आपण मात्र त्याला महागडे बूट, मनगटावरची घड्याळे, प्रवेशशुल्क आणि आहारतज्ज्ञ जोडून त्याची अशी काही उंची पेठ करून ठेवली आहे की विमा कचेरीतला कारकून जुने कॅनव्हासचे बूट घालून त्या घोळक्यात शिरायला धजत नाही. त्यातून 'तो व्यसनमुक्ती केंद्रातून आलेला आहे' अशी कुजबुज एकदा झाली की झालेच. आपला न्याय मोठा विचित्र आहे. मित्रमंडळींच्या बैठकीत जो पेला नाकारतो त्याला आपण 'अरे, एकाने काय होते?' म्हणून आग्रह करतो. आणि त्याच एकाने ज्याचे वाटोळे झाले तो दारात आला की खुर्ची जराशी मागे घेतो. पिणे हे हल्ली सुसंस्कृतपणाचे लक्षण ठरत चालले असताना, पिऊन आजारी पडणे हे मात्र असंस्कृत ठरते! व्यसनी स्त्रीविषयी तर बोलावयासच नको. पुरुषाला निदान 'बिचारा' हे विशेषण मिळते. तिला तेही मिळत नाही, आणि पहाटे एकटीने मैदानावर जाणे हेच तिला आधी अवघड असते.

आम्ही शासनाकडे नवी योजना मागत नाही. योजनांची उद्घाटने पाहून आमचे डोळे थकले आहेत. आम्ही दोनच गोष्टी मागतो. एक धावणाऱ्या मंडळांकडे: आपले सारे मेळावे पहाटे होतात. पहाटेचा एक मोठा फायदा आहेच. साडेपाचला मैदानावर जावयाचे तर रात्री दहाला झोपावे लागते, आणि दहाला झोपणाऱ्याची रात्र आपोआप आखूड होते. पण व्यसन सोडलेल्याचा वैरी संध्याकाळी सहाला येतो. आठवड्यातून दोन दिवस तरी संध्याकाळी सहाला एकत्र यावे, शुल्क ठेवू नये, आणि नवा माणूस आला तर तो कोठून आला हे विचारू नये. फक्त पुढल्या वेळी तो आला नाही, तर विचारावे. दुसरी गोष्ट नगरपालिकेकडे मागावयाची आहे, आणि तिला पैसा जवळपास लागत नाही.

ती अशी. आमचा तो विद्यार्थी गेल्या पावसाळ्यात पुन्हा घसरला. कचेरीतील एकाच्या निरोपसमारंभात एक पेला, आणि मग तीन दिवस. चौथ्या दिवशी पहाटे कडी वाजली. त्याने उघडली नाही. पाचव्या दिवशी वाजली, तेव्हाही नाही. सहाव्या दिवशी त्याच्या बायकोने दार उघडून, "काका, ते येणार नाहीत," असे सांगितले. काका म्हणाले, "बरं. उद्या येतो." सातव्या दिवशी तो गेला. पुन्हा एक खांब पळाला, दोन खांब चालला. त्यानंतर त्याने एक बदल केला. काकांबरोबरची पहाट तशीच ठेवली, आणि संध्याकाळी कचेरीतून परस्पर मैदानावर जाऊ लागला. सध्या तो तेथे एकटा नसतो; उपचारानंतर घरी आलेला एक तरुण त्याच्याबरोबर असतो. दोघे सव्वासहाला सुरू करतात. परंतु त्या सार्वजनिक मैदानाचे फाटक सात वाजता बंद होते. पहारेकऱ्याची पाळी सातला संपते, एवढेच त्याचे कारण आहे. दिवे आहेत, ते लागतात. फाटकाला कुलूप असते. सातपासून साडेआठपर्यंत हे दोघे रस्त्याच्या कडेने, वाहनांचा धूर खात चालत राहतात, आणि त्या रस्त्यावर मद्याची तीन दुकाने आहेत. ती रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. मैदान साडेआठपर्यंत उघडे ठेवावे, असा अर्ज त्याने रीतसर दिला आहे. त्या अर्जाला अद्याप उत्तर आलेले नाही.